काठोकाठ भरलेलं परळ

"...मग येतात तरी कुठून, बाबा?"

लिंबाजीनं झाडू भिंतीला टेकवला आणि कपाळावरची माशी हाकलली. ती उडाली, एक गिरकी घेतली आणि पुन्हा तिथंच येऊन बसली.

शहाबाबा बाजेवर बसून तसबीचे मणी ओढत होते.

"रोज झाडतो मी. राख टाकतो, चुना टाकतो. कडुनिंबाचा धूर करून करून माझेच डोळे जायची पाळी आली. आता आणखी काय करायचं राहिलं?"

"..."

"बाबा, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय, बेटा," बाबा म्हणाले. "माश्यांचंही ऐकतोय."

लिंबाजीला राग आला. पण गुरूवर रागवायचं कसं, म्हणून तो झाडूवर रागावला आणि झाडू दोनदा आपटला.

गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या पलीकडे हा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं. पुढं एक जुनी मजार, तिच्या अंगाला बाबांची खोली आणि मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं. लोक नवस फेडायला यायचे आणि कोंबडी सोडून जायचे. दुसरीकडे कुठं असती तर दुपारपर्यंत तिचा रस्सा झाला असता. बाबा म्हणायचे, सोडली म्हणजे सोडली, आता तिला परत धरायची कशी? त्यामुळं तिथल्या कोंबड्या वाढत गेल्या, म्हाताऱ्या होत गेल्या आणि आपल्या मर्जीनं अंडी द्यायच्या थांबल्या.

लिंबाजी मूळचा कापडवाला. थानाची घडी अशी घालायचा की गिऱ्हाइकाला ती मोडायची लाज वाटायची. बायको गेली, दुकान पोरांनी हातात घेतलं, आणि हा माणूस एका गुरुवारी तकियात आला तो तिथंच राहिला.

"मला सेवा द्या," म्हणाला.

बाबांनी कोंबड्या दिल्या.

आता कापडाच्या पेढीवर बसलेल्या माणसाला कोंबड्यांची घाण काढायला लावली तर तो खट्टू होणारच. लिंबाजीही झाला. पण बोलून दाखवलं नाही. मनाशी म्हणाला, ठीक आहे, अशी सेवा करून दाखवतो की बाबांनी चारचौघांत माझं नाव घेतलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता हो. फक्त कुणीतरी बघतंय असं वाटलं की त्याच्या हाताला जास्त जोर यायचा.

अंगण तो आरशासारखं ठेवायचा. आणि पाणी! खुराड्यात कोंबड्यांच्या पाण्याचं एक पसरट मातीचं परळ होतं. लिंबाजी आला त्याआधी ते कधी भरलेलं असायचं, कधी कोरडं पडायचं. लिंबाजीनं ते काठोकाठ भरायला सुरुवात केली. काठावर पाणी थरथरायला लागेपर्यंत ओतायचा. कोंबड्यांनी दोन घोट घेतले की पुन्हा ओतायचा. परळ कलंडू नये म्हणून त्याखाली त्यानं स्वतःच्या हातानं दुहेरी गोणपाट अंथरलं होतं, भोवती भुसा दाबला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मागं घेऊन जायचा.

"सकाळी या, दुपारी या, हे परळ तुम्हांला कधी उणं दिसायचं नाही."

लोक मान डोलवायचे. मग तो बाबांकडं बघायचा. बाबाही मान डोलवायचे.

भादव्याचं ऊन पडलं आणि माश्या झाल्या.

आधी चार दिसल्या, मग जिकडंतिकडं. खुराड्यावर, बाजेवर, बाबांच्या पांढऱ्या दाढीत. गुरुवारी मजारीपुढं मलिदा ठेवला की त्यावर चादर पडल्यागत बसायच्या. तकियाच्या फाटकाशी उदबत्त्या आणि साखरफुटाणे विकणारा उस्मान अत्तार मोठ्या तोंडाचा. भर गर्दीत म्हणाला, "लिंबाजीशेठ, यंदा मलिद्यात मनुके भरपूर घातलेत."

सगळे हसले. लिंबाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यानं शेतीच्या दुकानातून माश्या मारायची पावडर आणली. बाबांनी ती बघितली आणि म्हणाले, "मेलेल्या माश्या कोण टिपणार? कोंबड्याच ना?" पावडर परत गेली. मग राख, मग चुना, मग धूर. माश्या आपल्या होत्या तिथंच.

आणि एका गुरुवारी लिंबाजीला माश्यांचं कारण सापडलं.

कारण म्हणजे सुंद्राबाई.

ओढ्याअलीकडच्या आळीत राहणारी ही म्हातारी. नवरा नाही, एकुलती लेक लांब नांदायला गेलेली. रोज सकाळी एक मातीचं गाडगं घेऊन ती तकियात यायची. गाडग्यात भाकरीचा चुरा, भाताची शितं, कधी निवडलेल्या डाळीतली फोलपटं. ते कोंबड्यांपुढं टाकायची आणि खुराड्याशेजारच्या दगडावर बसून त्यांच्याशी भांडायची. भांडायची म्हणजे खरोखर भांडायची. तिनं कोंबड्यांना आपल्या मेलेल्या जावांची नावं दिली होती. एक काळी, मानेवर पिसं नसलेली कोंबडी, ती थोरली.

"खा, थोरले, खा. जन्मभर माझ्या ताटावर डोळा ठेवलास, आता तरी पोटभर खा."

दगडावर बसून, डोईवरचा पदर मागं सारून ती असं बोलत राहायची. घरी बोलायला चार भिंती होत्या. इथं निदान मान वाकडी करून ऐकणारं कुणीतरी होतं.

त्या गुरुवारी माणसं जमली होती. सुंद्राबाईनं गाडगं उपडं केलं आणि शितांवर माश्या घोंगावल्या. झालं. लिंबाजीचा तोल गेला.

"मावशी, बास झालं आता. तुमच्या ह्या शिळ्यापाक्यानं माश्या होतात. देवाच्या दारात खरकटं आणून टाकता, लाज कशी वाटत नाही? लोक मला नावं ठेवतात."

म्हातारीचा हात गाडग्यातच राहिला.

"माझ्यानं?" ती म्हणाली.

"मग काय माझ्यानं?"

उस्माननं खाकरल्यासारखं केलं. बाबा बाजेवर डोळे मिटून बसले होते.

सुंद्राबाईनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग ती खाली बसली आणि जमिनीवरची शितं एकेक करून वेचायला लागली. कोंबड्या तिच्या बोटांतून ओढून न्यायच्या आणि ती म्हणायची, "सोड गं, सोड... माश्या होतात." राहिलेली शितं तिनं गाडग्यात भरली, पदर डोईवर घेतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही.

माश्या मात्र येतच राहिल्या, आणि म्हणून आज लिंबाजी झाडू आपटत विचारत होता की आता खरकटंही बंद झालं, मग ह्या येतात कुठून?

शहाबाबांनी तसबी गुंडाळून खिशात ठेवली. बाजेवरून उठले. गुडघ्यांवर हात देत देत खुराड्यापाशी गेले आणि उकिडवे बसले.

"ये इकडं."

लिंबाजी गेला.

"हात घाल."

"कुठं?"

"परळाखाली."

"भरलेलं आहे ते, बाबा. सांडेल."

"सांडू दे."

"आत्ताच भरलंय. काठोकाठ..."

"हात घाल, लिंबाजी."

लिंबाजीनं परळाच्या कडेनं बोटं आत सरकवली. परळ कललं, थंड पाणी मनगटावर आलं. त्याच्याखाली काहीतरी ऊबदार होतं. गोणपाट कुजून लगदा झालं होतं, भुसा चिखल झाला होता, आणि त्या उबेत काहीतरी हलत होतं.

त्यानं हात बाहेर काढला.

तळहातावर अळ्या होत्या. भिजवलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या, आणि सगळ्या वळवळणाऱ्या. थोरली धावत आली आणि त्याच्या हातातूनच टिपायला लागली.

लिंबाजी तसाच बसून राहिला. अंगणाचा कोपरान् कोपरा त्यानं झाडला होता. ही एवढीच जागा कधी झाडली नव्हती, कारण परळ उचललं असतं तर पाणी सांडलं असतं, आणि त्याचं परळ कधी उणं दिसायचं नाही ना.

"बाबा..."

"हं."

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"वास यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी कललेलं परळ सरळ केलं.

"परळ भरलं की तू माझ्याकडं बघायचास, बेटा. त्या वेळचा तुझा चेहरा... मला म्हाताऱ्याला तो मोडवला नाही. म्हटलं, आज ना उद्या आपणहून उचलेल."

"आणि त्या गुरुवारी? तुम्ही तर झोपला होतात."

"डोळे मिटले होते," बाबा म्हणाले. "झोपलो नव्हतो."

ओढ्याकडून धुण्याचा आवाज येत होता. लिंबाजीला वाटलं, बाबा आणखी काही बोलतील. बाबा बोलले ते एवढंच:

"माझं मी भोगीन. तुझं तू बघ. जा तिच्याकडं."

"जातो."

"आत्ता जा. हात धुवू नकोस."

लिंबाजीनं हाताकडं बघितलं. मनगटापासून बोटांपर्यंत शेणकाला झाला होता. असा हात घेऊन ओढा ओलांडायचा, आळीतून जायचं, लोक विचारणार, शेठ हे काय? आणि म्हातारीपुढं उभं राहून काय सांगायचं? की अजून माश्या आहेतच?

"बाबा, आधी हे सगळं साफ करतो. माश्यांचा बंदोबस्त होऊ दे. मग तोंड दाखवायला जागा राहील. मग जातो."

"माश्या आहेत तोवर जा," बाबा म्हणाले.

"पण तेव्हा जाऊन..."

"माश्या आहेत तोवर जा, लिंबाजी."

म्हातारपणी माणूस एकच गोष्ट दोनदा बोलतो, असं लिंबाजीनं मनात म्हटलं आणि तो हात धुवायला गेला.

मग मात्र त्यानं कामात कसूर ठेवली नाही. कुजलं गोणपाट लांब नेऊन जाळलं. भुसा उपसून उन्हात पसरला. कोंबड्यांनी तो पायांनी उकरून उकरून अळ्या वेचल्या. खुराड्याची जमीन कोरडी होईपर्यंत उघडी ठेवली, वर राख पसरली. परळ सपाट दगडांवर ठेवलं, खाली वारा खेळेल असं, आणि अर्धंच भरलं. संध्याकाळी उचलून खालची जागा चाचपून बघायची, ओल लागली तर माती बदलायची.

माश्या पातळ होत गेल्या. लिंबाजी रोज मनाशी म्हणायचा, अजून थोड्या आहेत. सगळ्या गेल्या की जाऊ.

आणि एका गुरुवारी मलिद्यावर एकही माशी बसली नाही.

उस्मान अत्तारानं ताटावर वाकून बघितलं. "मान गये, शेठ. तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं. म्हातारीचं खरकटं बंद झालं आणि माश्या बंद झाल्या."

"तर काय," कुणी बाई म्हणाली. "मला आधीपासूनच वाटायचं. रोज मेलं ते गाडगं घेऊन यायची."

"लिंबाजीशेठनं स्पष्ट बोलून दाखवलं म्हणून. दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती."

लिंबाजीचं तोंड उघडलं. आता सांगायचं, इथंच सांगायचं. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच. पण एकानं त्याच्या हातावर मलिदा ठेवला, दुसऱ्यानं पाठीवर थाप मारली, आणि किती दिवस ज्याची वाट बघितली ते चारचौघांतलं नाव असं समोर चालून आलेलं...

"हं," लिंबाजी म्हणाला.

त्यानं बाबांकडं बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. आता ते मिटलेले डोळे म्हणजे काय हे लिंबाजीला ठाऊक होतं, आणि त्यानं हातातला मलिदा परत ताटात ठेवला.

तो तडक उठला आणि सुंद्राबाईकडं गेला.

फाट्यापर्यंत जायला दारात बैलगाडी उभी होती. जावई वळकटी बांधत होता. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती, हातपाय काटक्या झालेले.

"या, लिंबाजीबापू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "लेकीकडं चाललेय. इथं आता मन लागत नाही. गेल्या का हो माश्या?"

लिंबाजी बैलगाडीपाशीच थबकला.

बाबा अंगणात तेच दोनदा बोलले तेव्हा जे कळलं नव्हतं ते त्याला आत्ता, ह्या उंबऱ्यापुढं कळलं. माश्या असताना तो आला असता तर म्हातारीला काही सांगावंही लागलं नसतं. तिनं विचारलं असतं, गेल्या का माश्या, आणि तो म्हणाला असता, नाही. बस. एका शब्दात तिची सुटका झाली असती.

"गेल्या," तो म्हणाला.

"गेल्या?"

"हो."

म्हातारीनं मान हलवली. पुष्कळ वेळ हलवतच राहिली.

"म्हणजे माझ्यानंच होत्या. मला बाई वाटत होतं, तुम्ही उगं रागाच्या भरात बोललात. रात्ररात्र मनाशी घोकायची, माझ्यानं कसं होईल, माझ्यानं कसं होईल... पण मी यायची थांबले आणि गेल्या. खरं ते खरंच. बाबांच्या दारात मी घाण केली."

"मावशी, तसं नाही. ते परळ..."

"मामा, जरा धरा इकडून," जावई म्हणाला आणि त्यानं वळकटीचं एक टोक लिंबाजीच्या हातात दिलं. हा जावई लिंबाजीच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. लग्नाचा बस्ता त्यानं लिंबाजीकडंच बांधला होता. तेव्हापासून मोठा मान द्यायचा. त्याच्यासमोर सांगायचं, की तुझ्या सासूला मी भर गर्दीत लाज काढून हाकललं, आणि घाण माझी होती?

पुढं कधीतरी निवांत सांगू, असं लिंबाजीनं ठरवलं. वळकटी गाडीत गेली.

म्हातारीनं आतून एक पुरचुंडी आणली. ज्वारीच्या कण्या होत्या.

"हे तेवढं घेऊन जा. पण तुमच्या हातानं टाका हं. माझा हात नको लागायला." आणि गाडीत चढता चढता म्हणाली, "थोरलीला सांगा, मी काही रागावून गेले नाही."

तकियात परतल्यावर बाबांनी विचारलं, "सांगितलंस?"

"जावई होता, बाबा."

"..."

"तिच्या लेकीच्या गावीच जातो. उरूस झाला की. निवांत बसून सगळं सांगतो."

बाबांनी पुरचुंडी हातात घेतली, कण्यांवरून अंगठा फिरवला आणि परत दिली.

उरूस झाला. पाहुणे गेले, मांडव उतरला. लिंबाजीनं धुतलेलं धोतर नेसलं, काय बोलायचं ते वाटेत मनाशी नीट जुळवलं, घडीवर घडी बसवली. गाव लांब होतं. दोन गाड्या बदलून, उरलेली वाट पायी तुडवून तो पोचला तेव्हा लेकीच्या ओसरीवर माणसं बसली होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

म्हातारीला जाऊन थोडेच दिवस झाले होते.

लेकीनं पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुमची आठवण काढायची. तकियाची, बाबांची, कोंबड्यांची."

लिंबाजीनं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. परसात कोंबड्या कॉक-कॉक करत होत्या. ह्यांच्याकडंही कोंबड्या होत्या.

"ह्यांच्याशी... भांडायची का?" त्यानं विचारलं.

"नाही हो. मला तेच कळलं नाही. तिला एवढा नाद, म्हणून मी मुद्दाम म्हणायची, आई, जरा दाणे टाक. तर हात मागं घ्यायची. म्हणायची, नको बाई, माझ्या हातानं माश्या होतात. पुष्कळ समजावलं. शेवटपर्यंत एक शीत टाकलं नाही तिनं. लांबूनच बघत बसायची."

लिंबाजीनं तिथं सगळं सांगितलं. परळ, गोणपाट, हातातल्या अळ्या, सगळं. जुळवून नेलेलं एक वाक्यही आठवलं नाही. तोंडाला येईल तसं सांगितलं आणि सांगताना तो रडला.

लेक ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला कशाला सांगता, मामा?"

ती काही टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती.

पुढच्या गुरुवारी लिंबाजी मजारीपुढं उभा राहिला आणि जमलेल्या लोकांनाही त्यानं सांगितलं. मोठ्या आवाजात, काही न लपवता. माश्या माझ्यामुळं होत्या. सुंद्राबाईचा काडीचा दोष नव्हता. मी खोटा पडलो.

लोकांनी ऐकून घेतलं. एकदोघांनी च्‌ च्‌ केलं.

"बघा, किती मोठं मन," कुणी म्हणालं.

"तसं नाही," लिंबाजी कळवळून म्हणाला. "अहो, तसं नाही..."

"जाऊ द्या हो, शेठ," उस्मान अत्तार म्हणाला. "म्हातारी बिचारी गेली. माश्याही गेल्या. आता कशाला उकरून काढता? मलिदा वाटा."

मलिदा वाटला गेला. दिवेलागणीआधी माणसं आपापल्या घरी पांगली.

लिंबाजी मागच्या अंगणात आला. पुरचुंडीतल्या कण्या इतके दिवस त्याच्यानं टाकवल्या नव्हत्या. आज त्यानं पुरचुंडी सोडली आणि मूठ मूठ करून त्या टाकल्या. थोरली सगळ्यांत शेवटी आली. दोन दाणे टिपले आणि रिकाम्या दगडाकडं मान वाकडी करून उभी राहिली.

बाबा बाजेवर होते. लिंबाजी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"बाबा."

"हं."

"तिच्या लेकीला सांगितलं. लोकांना सांगितलं. तुम्हांला तर ठाऊकच आहे."

"हं."

"पण जिला सांगायचं तिला राहिलं. ती तसंच समजून गेली. आता मी काय करू?"

"..."

"काहीतरी सांगा. उपास सांगा, जप सांगा. उन्हात उभं राहायला सांगा. मी करतो."

बाबांनी हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"माझ्यापाशी काही नाही, बेटा," ते म्हणाले. "असतं तर आधी मी घेतलं असतं."

ऊन भिंतीवरून खाली उतरलं. कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरल्या.

तेवढ्यात कुठूनशी एक माशी आली. किती दिवसांत अंगणात माशी दिसली नव्हती. ती परळाच्या काठावर बसली, उडाली, आणि येऊन लिंबाजीच्या तळहातावर बसली. पुढचे पाय एकमेकांवर घासायला लागली.

लिंबाजीचा दुसरा हात सवयीनं वर गेला.

बाबांनी तो वरच्यावर धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "खरं काय ते त्या माशीला तरी ठाऊक आहे."